चकलीच्या चाकांची आगगाडी

माझ्या मैत्रिणीला चकली खाण्याआधी ती उभी धरून बघायची खोड आहे. एक डोळा मिटून बघते. वेढे एकमेकांना नीट चिकटलेत का, काटे सगळीकडं सारखे आलेत का, याची खात्री झाल्याशिवाय चकली तिच्या तोंडात जात नाही. मला असल्या गोष्टींना धीर नाही. मी आपली मोडते आणि खाते. "अगं खा की, ती काय नवरी हाय का बघायला?" असं मी तिला निदान हजार वेळा म्हणाले असेन.

शिरूरमध्ये आमची घरं एकाच बोळात, मध्ये चार दारं. तीस वर्षं झाली, दुपारी दोनच्या पुढं आमच्यातली एक दुसरीकडं जाते. भांडी झालेली असतात, घरचे कामावर किंवा झोपेत, बोळात चिटपाखरू नसतं. ती पडदा ओढते आणि खोली निळसर होते. मग आम्ही काहीतरी खातो आणि काहीतरी करतो. करते ती, मी बडबडते. तिच्या हातात वस्तू आली की तिची दुसरीच वस्तू व्हायला लागते. लवंग बघितली की म्हणणार, हा रस्त्यावरचा दिवा. बाजारात भेंडी घेताना आडवी कापली तर फूल कसं दिसेल ते मला दाखवत बसणार, मागं लोकांची रांग. मी चिडते. चिडता चिडता माझीही नजर त्या फुलाकडं जाते आणि मग आम्ही दोघी भेंडी सोडून हसत उभ्या.

त्यामुळं आमच्या आळीतल्या बहुतेक मुलींचं रुखवत तिनंच केलं. नारळाचे नवरा-नवरी काय, कुणीही करतं. तिनं एकदा सुपाऱ्यांची अख्खी पंगत बसवली होती, प्रत्येक सुपारीपुढं नखाएवढं ताट आणि ताटात खरीखुरी मीठ-चटणी. लग्नात लोक टेबलाभोवती गर्दी करायचे, फोटो काढायचे. ती मात्र तिथं नसायची. दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाइलवर फोटो दाखवायचो, ती चष्मा वर करून बघायची आणि म्हणायची, "टेबल जरा भिंतीकडं सरकवायला पायजे होतं."

बारा-तेरा वर्षांपूर्वी तिचे मिस्टर गेले. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात ती रुखवत मांडत होती, तेव्हा नवरदेवाकडची एक बाई जवळ येऊन अगदी मायेनं म्हणाली, "तुम्ही तिकडं पंख्याखाली बसा, दमला असाल." एवढंच. मी शेजारीच होते. ती पंख्याखाली जाऊन बसली, जेवली नाही, आणि त्यानंतर कुठल्याच लग्नाला गेली नाही. हल्ली हे सगळं कोण पाळतं, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणते. पत्रिका तिला सगळ्यांकडून येते. ती "बघते" म्हणते, रुखवताची खोकी बांधून देते आणि दार लावून घेते. माझ्या थोरलीच्या लग्नालाही असंच झालं. ती थोरली तिच्या ओसरीवर रांगलेली, तिच्या हातचा भात खाऊन वाढलेली.

धाकटीचं दौंडला ठरलं तेव्हा मी मनाशी ठरवलं की या खेपेला हिला न्यायचंच. नुसती न्यायची नाही, लग्नात उभी करायची. पण सरळ सांगितलं तर "बघते" येणार हे मला पाठ होतं. म्हणून मी डोकं लढवलं.

व्याह्यांचं घर रुळांपासून इतकं जवळ, की बोलणी चालली होती तेव्हा मालगाडी गेली आणि बशा थरथरल्या. विहीणबाईंनी बोलणं न थांबवता कपावर हात ठेवला, गाडी गेल्यावर काढला. मला ते फार आवडलं. घरी आल्याआल्या मी मैत्रिणीला सांगितलं, रुखवतात आगगाडी पाहिजे. खायची आगगाडी, चकलीच्या चाकांची.

तिचे डोळे लागलीच कुठंतरी लांब गेले. "इंजिनाला धूर पायजे," ती म्हणाली. धाकटी म्हणाली, "मावशी, आता विजेवर चालतात गाड्या." तर म्हणाली, "चालू देत. धूर नसला तर ती बस झाली."

मग ते तीन आठवडे. आजही डोळे मिटले की मी त्या दुपारींत जाते. पंख्याचा एकसुरी आवाज, पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक पट्टी, घरभर गुळाचा वास. राजगिऱ्याच्या चिक्कीच्या पाट्या थापायच्या, कोमट असतानाच गरम सुरीनं त्यात खिडक्या कापायच्या. शंकरपाळ्यांचे स्लीपर, त्यावर शेंगदाणा चिक्कीच्या बारीक पट्ट्यांचे रूळ. लवंगांचे दिवे. फलाटाला उडदाच्या पापडाचं छप्पर. चकल्या तर तिनं शंभर केल्या आणि त्यातल्या चाळीस निवडल्या. नापास झालेल्या मी खाल्ल्या. आणि प्रवासी काजूचे. काजू मुळातच वाकलेला असतो, त्यामुळं खिडकीशी ठेवला की डोकं टेकून झोपलेला माणूस दिसतो. एकदा बोलण्याच्या नादात मी दोन प्रवासी उचलून तोंडात टाकले. ती शांतपणे म्हणाली, "ते पुण्याला निघाले होते." आम्ही इतक्या हसलो की पाक करपला.

इतकं सुख माझ्या वाट्याला आलं, आणि त्यात मी लबाडी करत होते. रोज एक अडचण वाढवायची. आधी म्हणाले, डबे नऊ हवेत. मग म्हणाले, गाडी सरळ नको, वळणावरून फलाटात शिरताना दिसू दे. वळणावरची नऊ डब्यांची गाडी जोडून नेणं शक्यच नव्हतं, वाटेतल्या न्हावऱ्याच्या आधीच तिचा चुरा झाला असता. डबे सुटे न्यायचे आणि कार्यालयातच गरम पाकानं जोडायचे, एवढाच मार्ग. पाकाचं कौशल्य फक्त तिच्या हातात.

"तुझ्या जावेला शिकवते," ती म्हणाली.

"तिला पाक? तिचे लाडू फोडायला बत्ता लागतो."

"मग तू शिक."

"मी नवरीची आई. मला त्या दिवशी स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ."

ती सुरी पुसत बसली. मग म्हणाली, "बघते."

तिच्या त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. पुढचे चार दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

लग्नाच्या दिवशी पहाटे साडेपाचला माझा भाऊ गाडी घेऊन आला. आणि बोळाच्या तोंडाशी ही उभी, हातात परात, परातीत सुती कापडात गुंडाळलेलं इंजिन, खांद्याला दोन पिशव्या. रोजचीच फिकट साडी. "जोडून देते आन् तुझा भाऊ वऱ्हाड न्यायला परत येईल, त्याच्यासंगं मागारी येते," तिनं आधीच सांगून टाकलं. मी चटकन तिच्या शेजारी बसले. नवरीची आई रुखवताच्या गाडीतून निघाली म्हणून जाऊबाई दारात उभ्या राहून काय काय बोलल्या, ते मी ऐकलंच नाही.

उकाड्यानं गूळ घाम सोडतो, म्हणून तिनं एसी पूर्ण लावायला सांगितला. वैशाखात आम्ही तिघं गारठून बसलो होतो. भाऊ गतिरोधक आला की बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवायचा आणि ती परात हळूच वर उचलायची, बाळ झोपलं असावं तशी. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. ऊस, मग कांद्याची रानं, मग पुन्हा ऊस. पाण्याच्या पाटावर धुकं नव्हे, पण धुक्यासारखं काहीतरी. भीमेच्या पुलावर आलो तेव्हा सूर्य पाण्यात उतरलेला होता. तिनं काचेला कपाळ लावलं. "किती दिवसांनी गावाबाहेर आले गं," ती म्हणाली. मला वाटलं हा रस्ता संपू नये, दौंड आणखी लांब असावं.

कार्यालयात आचाऱ्यांनी तिला एक शेगडी काढून दिली. तिनं पाक केला, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघितलं आणि कामाला लागली. नऊ डबे वळणात बसले. धूर कापसाचा नाही, साखरेच्या तारांचा केला. नऊ वाजता विहीणबाई आल्या आणि टेबलापाशी थबकल्या. मग तिसऱ्या डब्यातल्या झोपलेल्या काजूकडं बोट करून म्हणाल्या, "हे आमचे सासरे. ड्यूटीवरून येताना असेच झोपायचे आन् पुढच्या स्टेशनात उतरायचे." अशा वेळी विचारलं तर सगळं मुलीनंच केलं म्हणून सांगायचं असतं, तशी रीतच आहे. मी म्हणाले, "मुलीनं कशाला, हिनं केलंय." मैत्रीण तोवर भांडी घासायला मागं निघून गेली होती.

मी तिच्या पाठोपाठ गेले. आचाऱ्यांनी पहिल्या घाण्यातल्या दोन जिलब्या कागदावर घालून आमच्या हातात दिल्या. भिंतीला टेकून आम्ही खाल्ल्या. जीभ भाजेल इतक्या गरम. लग्नातली गरम जिलबी तिनं बारा-तेरा वर्षांनी खाल्ली असेल. बोटं चाटून झाल्यावर तिनं विचारलं, "नऊ डबे कशाला सांगितलेस?"

"शोभतात म्हणून."

"खोटं बोलू नको. मला इथं आणायला केलंस. मला पहिल्याच दिवशी कळलं हुतं."

मी जिलबीच्या कागदाची घडी घातली.

"एवढं डोकं चालवलंस, त्यापरीस सरळ ये म्हणायचं न्हाई का?"

"म्हणाले की. पत्रिका द्यायला आले तवा."

"पत्रिका सगळेच देत्यात. या हं, म्हणत्यात आन् चपला घालायला लागत्यात. मी म्हणते बघते. त्यावर आजवर कुणी दुसऱ्यांदा विचारलं न्हाई." ती रागावून बोलत नव्हती, तेच मला जास्त लागत होतं. "थोरलीच्या लग्नाला तू दुसऱ्यांदा म्हणाली असतीस, तर मी आले असते."

त्या वेळी सासूबाई होत्या, त्या काय बोलतील याची मला धास्ती होती. आणि ही बघते म्हणाली तेव्हा मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं होतं. पाच वर्षं मी हे स्वतःपासूनही लपवलं होतं. आता तिला सांगून टाकलं. सांगताना रडू आलं, आणि स्वतःचाच भयंकर संताप.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली आणि पदरानं माझ्या हनुवटीवरचा पाक पुसला.

तिकडं भावानं हॉर्न दिला. ती पिशव्या उचलायला वाकली. मी पिशवीचे बंद घट्ट धरले.

"ये," मी म्हणाले. "थांब. आज लग्नाला थांब. दुसऱ्यांदा म्हणते, तिसऱ्यांदा म्हणते. आमच्यात अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं, मला आतल्या खोलीत तुळशीपुढं बसवतील. माझ्या जागी तू बघ. मागं न्हाई, पंख्याखाली न्हाई, पार पुढं उभी राहा, आन् नंतर मला सगळं सांग."

ती मांडवाकडं बघत राहिली. खुर्च्या मांडल्या जात होत्या, कुणीतरी माइक तपासत होतं. हॉर्न पुन्हा वाजला. मग ती म्हणाली, "भावाला जाऊ दे. साडी हाय पिशवीत, सांडशीच्या खाली."

मुहूर्ताला मला आत नेलं. छोटी खोली, पाटावर कुंडीतली तुळस, तांब्या. मी पाणी घातलं आणि बसून राहिले. भिंतीपलीकडून मंगलाष्टकांचे सूर येत होते, जड, लांबून आल्यासारखे. सावधान म्हटलं की पावसासारखा तांदळाचा आवाज व्हायचा. मध्येच एक गाडी गेली आणि तांब्यातलं पाणी थरथरलं. मला माझी लेक दिसत नव्हती. दिसत होती माझी मैत्रीण, पुढं उभी असलेली, आणि मी देवाला एवढंच म्हणत होते की तिच्या कानाशी जाऊन कुणी मायेनं काही बोलू नये.

टाळ्या झाल्या, बँड वाजला. दार ढकलून ती आत आली. जांभळी साडी, केसांत अक्षता, कपाळावर घाम.

"सांग," मी म्हणाले.

"पोरगी रडली न्हाई. नवरदेव रडला. गुरुजींनी एक कडवं गाळलं." ती माझ्याजवळ खाली बसली. "शेवटच्या कडव्याला पोरीच्या मुंडावळीची गाठ सुटली. करवली फोटो काढण्यात गुंग. मी पुढं झाले आन् बांधली."

"तू बांधलीस? सगळ्यांसमोर?"

"मग काय, तशीच लोंबकळू द्यायची व्हय?"

"कुणी काय म्हणालं का गं?"

"काय म्हाईत," ती म्हणाली. "मी गाठीकडं बघत हुते."