कपाळावरची आठी

ह्यांचे हात गेले, मग गिळणं जड झालं. डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला आणि घास भरवणं माझ्याकडे आलं. मासळीशिवाय ह्यांना जेवण जात नाही. पनवेलच्या बाजारातून जिताडा आणायचा, एकेक काटा बोटांनी चाचपून काढायचा, भात-रस्सा मिक्सरला लावायचा. तरी चमचा तोंडाशी नेताना माझा जीव टांगणीला आणि कपाळाला आठी. एखादा बारीक काटा राहिला असेल तर?

गेल्या वर्षी हे अचानक तोंड मिटून घ्यायला लागले. दोन चमचे झाले की मान फिरवायची. वजन उतरत चाललं. मी विनवायची, चिडायची, पुन्हा विनवायची.

खारघरच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. हसरा बरोबर ओळखला. घाबरलेल्या बाईचा फोटो पाहून अडखळत म्हणाले, "रागावलीय." रडवेल्या माणसालाही रागावलेलाच ठरवलं.

"या आजारात काहींना असं होतं," बाई मला म्हणाल्या. "तुमची काळजी त्यांना राग वाटते. तोंडाने सांगत जा."

तोंडाने! आमच्या घरात तीस वर्षांत मनातलं असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण पोटात घास जायला हवा होता. मग प्रत्येक चमच्याआधी सुरू झालं, "मी रागावले नाय. मला काट्याचं भ्या वाटतं." मी विसरले तर हेच विचारायचे, "रागावलीस?" माझं ऐकायचे आणि तोंड उघडायचे.

थोरल्या जाऊबाई हसल्या. "काय गो, भरवतेस का बातम्या वाचतेस?"

वजन सावरलं. मी मात्र अडकले. जाऊबाईंनी तीच वाक्यं म्हणून पाहिली, पण दुसऱ्या कुणाच्या हातून हे खाईनात.

बेलपाड्याला माझ्या भाचीची हळद होती. सगळं घर गेलं, मी वाटी-चमचा घेऊन घरी. भावाने मोबाईलवर नाचाचा व्हिडिओ पाठवला. तो पाहिला आणि असा संताप आला, की वाटी भिंतीवर फेकावी. ह्यांचा राग, आजाराचा राग, त्या जिताड्याचाही.

ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "रागावलीस?"

रोजचाच प्रश्न, पण आज ह्यांनी बरोबर ओळखलं होतं. खरं सांगितलं असतं तर ह्यांनी तोंड मिटलं असतं.

"नाय वो," मी म्हणाले.

हे क्षणभर बघत राहिले. मग स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी तोंड उघडलं.