पुन्हाकाकांची एकच ओवी

पुन्हाकाका दोन तासांत एक ओवी वाचून घ्यायचे. एकच. कोणी ती वाचून संपवली, की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "पुन्हा." परत वाचली, की परत "पुन्हा." खालच्या मजल्यावरच्या बंगाली मासीमांची तर खात्री होती, की 'पुन्हा' हे आमच्या कुठल्यातरी देवाचं नाव असणार.

काका बँकेतून निवृत्त झालेले. बदलीवर कोलकात्याला आले आणि भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत राहूनच गेले. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे बँकांना सुट्टी असते तेव्हा, दुपारी आम्ही चार-पाच मराठी माणसं त्यांच्याकडे जमायचो. मी पहिल्यांदा गेले ती काही भक्तीने नव्हे. कसली भक्ती! एस्प्लनेडच्या ऑफिसातून घरी, घरातून ऑफिसात, मध्ये लेकीची शाळा. नवरा पुण्यात. दिवसभर मराठी कानावर पडायचं नाही. मी दमले होते, आणि काकांकडे चहा आयता मिळायचा.

ओव्यांची वही त्यांच्या आईच्या हातची. कुठली ओवी कुणाची, हे तिने लिहिलेलंच नव्हतं. माझ्या वेळी चार महिने एकच ओवी चालू होती. तिच्यात देवाला एवढंच म्हटलं होतं, की उशीर झाला तरी ये, मी दार लावलेलं नाही. न्यू टाउनच्या कंपनीतला एक तरुण इंजिनिअर यायचा, तो एकदा वैतागला. "काका, जरा पुढे सरकू या की!"

"पुढे कुठे जायचंय तुला?" काकांनी विचारलं. बिचारा परत वाचायला लागला.

माझी सई तेव्हा दहा वर्षांची. तिचं मराठी वाचन म्हणजे बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काकांना मात्र तेच आवडायचं. "ही एकटी नीट वाचते," ते म्हणायचे, "आपण सगळे पाठ असल्यासारखे पळतो." अर्थ मात्र त्यांनी कुणालाच कधी सांगितला नाही.

त्याच पावसाळ्यात समीरचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे सईची फी, गॅसचं बुकिंग आणि तुझं चुकलं की माझं. त्या दिवशी तो भांडलाही नाही. "असंच चालणार असेल तर वेगळं होऊ या," म्हणाला. विचार करून सांगते म्हणाले, तेवढंही बळ उसनं आणून.

शनिवारी सगळे गेल्यावर मी मागे थांबले आणि काकांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "त्याला ही ओवी वाचून दाखव."

मी भडकलेच. "काका, ओव्या वाचून संसार सावरत असते, तर आणखी काय हवं होतं!"

"नाही सावरत. पण दमलेल्या माणसाला दुसऱ्याचे शब्द बरे पडतात गं. आपले सगळे भांडणात झिजलेले असतात."

मग त्यांनी कप उचलले आणि मोरीपाशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून विसळायला घेतले. "आमच्या हिला ही ओवी फार आवडायची. संध्याकाळी मी वाचायचो, ती भाजी निवडायची. एकदा म्हणाली, अहो, हे सगळं देवालाच म्हणता, की त्यात थोडं मलाही? मी म्हटलं, छे, देवाला! लाज वाटली. तिने परत कधी विचारलं नाही, आणि मग गेलीच." कप केव्हाच स्वच्छ झाले होते. "एक शब्द म्हणायचा होता. तोही मी देवावर ढकलला."

मला फार वाईट वाटलं. पण फोन मी केला नाही. ऐकणं वेगळं, करणं वेगळं, आणि माझ्यात त्राण नव्हतं.

थंडीत काकांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. एकट्याने राहणं आता जमत नव्हतं. निघताना त्यांनी वही सईच्या हातात दिली. मला म्हणाले, "येतो हं." महिन्याभरात मुलाचा मेसेज आला, बाबा गेले. मी तो मेट्रोत उभ्या-उभ्या वाचला आणि माझं स्टेशन मागे पडलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी सईने आपणहून वही काढली. बोट ठेवून, अक्षर लावत तिने ती ओवी वाचली आणि माझ्याकडे बघत राहिली. 'पुन्हा' म्हणायला आता कोणीच नव्हतं. माझ्या तोंडून काही ते निघेना. मी वही घेतली, आतल्या खोलीत गेले आणि समीरला फोन लावला. नमस्कार-चमत्कार न करता ओवी वाचली. सईसारखी हळू वाचली.

"हे काय? देवाचं आहे का काही?" त्याने विचारलं.

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. किती सोपं होतं ते!

"नाही," मी म्हटलं. "तुला म्हणतेय."

फोन कट झाला की काय, म्हणून मी कानापासून काढून बघितला. चालू होता.

"परत एकदा म्हण," समीर म्हणाला.