दोर कशासाठी, ते विचारायचं नाही

“सर, हा दोर नेमका कशाला लागतो?” विद्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा खेकसलो, “ते विचारायचं नाही.”

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सिल्वासाजवळ अथालला आमचा नायलॉन सुताचा कारखाना होता. मी तिथे क्वालिटी कंट्रोल बघायचो. संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेने आम्हाला दोराच्या ट्रायल लॉटची, म्हणजे चाचणीपुरत्या मालाची, ऑर्डर दिली होती. त्याच प्रयोगशाळेने उन्हाळी सुट्टीत स्टायपेंड देऊन एक विद्यार्थिनी संशोधनासाठी पाठवली. ती ही विद्या, जळगावची, टेक्स्टाइल इंजिनीअरिंग करणारी.

दोर पॅराशूटचा होता. मला ते माहीत होतं, तिला सांगायला बंदी होती.

स्पेकमध्ये, म्हणजे मालाच्या ठरलेल्या अटींमध्ये, एकच टेस्ट होती. मशीनवर दोर हळूहळू ताणायचा आणि कितीला तुटतो ते बघायचं. आमचा माल आरामात पास होत होता.

“पण एकदम झटका बसला तर?” विद्या म्हणाली.

“कशाला बसेल?” मी म्हटलं. आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

तिने वाळूचं पोतं भरून घेतलं, पाण्याच्या टाकीवरून दोराला बांधून खाली सोडलं. दोर तुटला. दुसराही तुटला.

कारण साधं होतं. ताकद वाढावी म्हणून आम्ही सूत गरम करून जास्त खेचलं होतं. ताकद वाढली, पण लवचीकपणा गेला. हळू ताण सोसणारा दोर झटका सोसेना.

कारखान्याचे मालक, आमचे शेठ, भडकले. “साब, स्पेक में झटका लिखा है क्या?”

“नाही, शेठ.”

“तो गाडी भरो! ये लडकी छुट्टी के बाद चली जायेगी, फॅक्टरी हमको चलानी है.”

मी गाडी भरू दिली नाही. प्रयोगशाळेला फोन लावला. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्या दोराला लटकलेला कुणीतरी पोरगा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

प्रयोगशाळेचे दोन अधिकारी आले. त्यांनी शेडचं दार लावून तीच टेस्ट घेतली. विद्याला मात्र बाहेर बाकावर बसवलं; तिला क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कामाची परवानगी, नव्हता. टेस्ट तिची आणि तिलाच आत मज्जाव! माझं डोकं फिरलं, पण बोलायची सोय नव्हती. आत दोर तुटून पोतं धपकन पडलं, ते तिने बाहेरूनच ऐकलं.

लॉट रद्द झाला. पुढे स्पेकमध्ये झटक्याची टेस्ट आली. शेठ माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

निघताना गेटवर मी विद्याला म्हटलं, “अजूनही सांगता येत नाही गं.”

“नका सांगू, सर. पोत्यात वाळू मी माणसाच्या वजनाइतकीच भरली होती.”

तेव्हापासून कुठल्याही ट्रेनीला मी विचारू नकोस म्हटलं नाही. उत्तर मिळणार नाही, एवढंच सांगत आलो.