गप्प करायचं बटण

माझ्या वडिलांचा कॉम्प्युटर बोलायचा. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यात होता, आणि बाबांनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटायचं, आतल्या खोलीत कुणीतरी कडाकडा भांडतंय. मला त्यातलं अक्षरही कळायचं नाही. बाबांना सगळं कळायचं. पन्नाशीच्या आत काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले, पाठोपाठ रेल्वेच्या हिशेबखात्यातली नोकरी गेली, आणि पुढची काही वर्षं ते खाटेवर बसून रेडिओ ऐकत राहिले. ती वर्षं मला नको तितकी आठवतात. "बाबा, चहा ठेवला," म्हटलं की ते "हव", म्हणजे हो, म्हणायचे. दिवसभरात तेवढंच बोलणं. मग एका अंध शिक्षकाकडे ते कॉम्प्युटर शिकले आणि आमच्या घरातला माणूस आम्हाला परत मिळाला.

परत मिळाला तो चांगलाच तोऱ्यात. मी दात घासेपर्यंत त्यांचे नागपूरचे पेपर वाचून झालेले असत. पेन्शन जमा झाली का ते स्वतः बघायचे, विजेचं बिल स्वतः भरायचे. आमचं गाव हिंदी मुलखातलं; पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, शेजारी खिशात चांगले मोबाइल घालून आमच्या दारात यायचे आणि विचारायचे, "काकाजी, गाडी कितनी लेट है?" डोळस लोकांनी आंधळ्याला गाडी विचारावी, याचा बाबांना केवढा आनंद व्हायचा! उत्तर द्यायच्या आधी ते मुद्दाम थोडं थांबायचे.

पण मला सांगायचं आहे ते एका बटणाबद्दल. कीबोर्डच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात कंट्रोल नावाचं बटण असतं. ते दाबलं की तो वाचणारा आवाज जागच्या जागी, अर्ध्या शब्दात थांबायचा. बाबांची डावी करंगळी कायम त्या बटणावर टेकलेली असायची. कंटाळवाणी बातमी आली, दाबलं. जाहिरात आली, दाबलं. कुठल्या पुढाऱ्याचं भाषण आलं तर जरा जोरातच दाबलं. मी स्वभावाने बडबडी. ऑफिसमधून आले की चपला काढायच्या आधी माझं तोंड सुरू होतं.

"डोळे मिटता येतात बाई, कान कसे मिटायचे?" ते एकदा मला म्हणाले. "आंधळ्याच्या कानात कोणीही येते अन् काहीही ओतून जाते. हे मशीन मी गप्प म्हटलं की गप्प होते. तुले थे बटनच नाही."

"आईनं लावलंच नाही, मी काय करू?" मी म्हटलं. आई तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही दोघं खूप हसलो.

मग कॉम्प्युटरवर तो निरोप येऊ लागला. ही ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे, तिचा सपोर्ट संपतो आहे, यापुढे सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही. आपल्यासारखे लोक असली चौकट न वाचताच बंद करतात. बाबांना ती रोज सकाळी ऐकावी लागायची, आणि तीही त्याच यंत्राच्या तोंडून. "रोज मरतो म्हणते अन् रोज चालू होते," असं म्हणून ते करंगळी दाबायचे. काही महिने असे गेले. मग एका सकाळी बँकेचं पान उघडेना. या जुन्या सिस्टीमवर आमची सेवा चालणार नाही, असं बँकेने कळवलं होतं. बाबा दुपारपर्यंत खटपट करत राहिले. शेवटी मला हाक मारून म्हणाले, "बाई, पेन्शन आली का पाहून दे."

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे काम सांगितलं नव्हतं. मी मोबाइलवर बघितलं, आली आहे म्हणून सांगितलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळली.

माझा धाकटा भाऊ बंगलोरला कॉम्प्युटरच्याच धंद्यात आहे. तो दिवाळीला आला तो नवा लॅपटॉप घेऊनच. त्याचं म्हणणं, जुन्या डब्यात नवी सिस्टीम बसत नाही, बाबांचा वाचणारा प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालत नाही, आणि तो बनवणाऱ्यांनी तो बनवणं कधीच सोडलं आहे. जुन्यावर बँकेचं काम करणं म्हणजे घराला कडी न लावता झोपणं. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा. त्याने बाबांना हाताला धरून बसवलं, नवा आवाज सुरू केला आणि म्हणाला, "सुनो बाबा, एकदम माणसासारखा आहे."

"माणसासारखा काहून पाहिजे?" बाबा म्हणाले. "माणसं कमी पडून राहिले का?"

तरी ते शिकायला बसले. हे मला नोंदवायलाच हवं, कारण नंतर नातेवाइकांत बोलणं झालं की म्हाताऱ्याने हट्ट केला. त्यांनी हट्ट केला नाही. हिवाळाभर ते शाल गुंडाळून त्या लॅपटॉपसमोर बसत होते. पण पूर्वी जी गोष्ट जिथे होती ती आता तिथे नव्हती, आणि बाबांचा कॉम्प्युटर बोटांत होता, पडद्यावर नव्हताच. लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोल नसून दुसरंच काहीतरी बटण होतं. करंगळी सवयीने तिथे जायची, दाबायची, आणि तो गोड आवाज बोलतच राहायचा. मी बाजारातून जुन्यासारखा कीबोर्ड आणून जोडला. आता आवाज थांबायचा, पण पानावर काहीतरी आपोआप हलायचं की पुन्हा सुरू व्हायचा. कधी एका आवाजावर दुसरा आवाज चढायचा, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, आणि बाबा दोन्ही हात वर उचलून बसायचे. मी भावाला फोन लावायची. तो तिकडून सांगायचा, सेटिंगमध्ये जा. सेटिंगमध्ये जायला तो आवाज ऐकावाच लागायचा.

मी त्यांच्या त्या जुन्या शिक्षकांना शोधून काढलं. ते आता मुलाकडे राहत होते. फोनवर त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, मैं भी पुराने पर ही बैठा हूँ. जिस दिन बंद होगा, उस दिन देखेंगे."

बाबांचा जुना कॉम्प्युटर भावाने आधीच दुकानदाराला देऊन टाकला होता. भंगारात जायच्याच लायकीचा होता तो. मी तरी दुकानात गेले. "दीदी, वो तो उसी हफ्ते खुल गया," दुकानदार म्हणाला. खुल गया म्हणजे त्याने तो खोलून सुटे भाग काढले होते.

कूलरमध्ये पाणी भरायचे दिवस आले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता. मी त्यावरची धूळ पुसायची. शेजारी एकदोनदा गाडी विचारायला आले, बाबा म्हणाले, "आता नाही होत भैया," आणि मग ते यायचे बंद झाले. बाबा लाकडी खुर्चीत बसून राहायचे. चहा ठेवला की "हव" म्हणायचे. मला ती जुनी वर्षं आठवून धडकी भरली. मी ठरवलं, आपण वाचून दाखवायचं.

संध्याकाळी ऑफिसमधून आले की मी पेपर घेऊन बसू लागले. मी मनापासून वाचत होते. कुणी मेल्याची बातमी गाळायची, मधूनमधून माझं मत घालायची, महागाईची बातमी असली तर भाजीवाल्याशी झालेलं भांडणही सांगायची. बाबा मान हलवायचे. त्यांची डावी करंगळी मात्र खुर्चीच्या हातावर सारखी दाबली जायची. मला वाटलं, हाताला कंप सुटला. समता कॉलनीतल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात हातात घेऊन पाहिला आणि वयाने होतं म्हणाले.

एकदा वाचता वाचता माझा फोन वाजला. मी वाचणं थांबवून फोन हातात घेतला, आणि नजर सहज बाबांच्या हातावर गेली. करंगळी उचलली गेली होती. फोन तसाच वाजू देऊन मी पेपर पुन्हा हातात घेतला आणि दोन ओळी वाचल्या. करंगळी खाली गेली. मी थांबले. ती वर आली.

मला रडू आलं आणि त्याच्या आधी राग आला. दिवसभर खुर्ची घासून यायचं आणि घसा कोरडा होईपर्यंत वाचायचं, आणि माझा बाप मला बंद करून बघतोय! "बाबा," मी म्हटलं, "तुम्ही मले गप्प करून राहिले का?"

ते इतके ओशाळले की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. "सवय आहे वं बाई, बोटाले," ते म्हणाले. "तू वाच. छान वाचतेस."

"नको असंन तर तसं सांगाचं ना. थांब म्हणाचं."

"तुले कसं म्हणू?" बाबा म्हणाले. "मशीनले वाईट वाटत नाही."

दुसऱ्या दिवशीपासून मी वाचायला बसले की ते डावा हात मांडीखाली घालून बसू लागले. मी प्रत्येक बातमीनंतर विचारायची, "थांबू का?" ते म्हणायचे, "नाही, वाच." मी लवकर आवरतं घेऊ लागले, मत घालणं सोडलं, तरी त्यांचा हात मांडीखालून निघाला नाही. माझ्या बापाने उरलेले दिवस माझ्याशी पाहुण्यासारखं सौजन्याने वागून काढले. आधी ते मला तोंडावर बडबडी म्हणायचे, ते कितीतरी बरं होतं.

पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि तो छातीत उतरला. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये त्यांना ठेवलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. उजव्या हाताला सलाईन होती. भाऊ विमानाने आला, अभनपूरहून आत्या आली, शेजारी आले. सगळे प्रेमाचेच लोक, आणि सगळे बोलत होते. भाऊ त्यांच्या कानाशी वाकून, ते बहिरे असल्यासारखं ओरडत होता, "बाबा, पहचाना क्या? मी आलो!" आत्या तिच्या सासऱ्यांना असाच मास्क लावला होता आणि ते कसे गेले ते सांगत होती. तेराव्या दिवसाची तेरवी इथेच करायची की गावी जाऊन, हेसुद्धा बोलून झालं. पलंगावरचा माणूस ऐकतो आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही. डोळे मिटलेले होते ना. पण बाबांचे डोळे मिटलेले असले काय आणि उघडे असले काय, ते नेहमी ऐकतच असायचे.

मी पायथ्याशी उभी होते. चादरीखालून त्यांचा डावा हात निघाला, गादीच्या कडेपर्यंत सरकत गेला, आणि करंगळी दाबली गेली. सुटली. पुन्हा दाबली गेली.

"बाहेर व्हा सगळे," मी म्हटलं.

"क्या हुआ तुझे?" भाऊ म्हणाला.

"बाबाले ऐकाचं नाही आहे. बाहेर व्हा म्हटलं ना!" माझा आवाज इतका चढला की नर्स धावत आली. आत्या डोळ्याला पदर लावून निघाली. तिचा माझ्यावर अजून राग आहे.

खोलीत मी आणि नर्स उरलो. माझ्या तोंडात आलं होतं, बाबा, मी आहे इथं. ते मी गिळलं. करंगळी अजून दाबली जातच होती. मला काही सुचेना, मग कळलं, उशाशी हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र पीं पीं करत होतं. मी नर्सला हळूच खूण करून बाहेर नेलं, विनवलं. ती म्हणाली, "आवाज़ बंद नहीं कर सकते दीदी, धीमा कर देती हूँ." तिने आत येऊन तो कमी केला आणि ती निघून गेली. मग करंगळी उचलली गेली आणि हात गादीवर सैल पडला.

मी स्टुलावर बसले. हात धरावासा वाटला, पण बोलायला त्यांच्याकडे तेवढाच हात उरला होता, आणि तो मला अडवायचा नव्हता. डोळस माणसाजवळ गप्प बसलं तरी त्याला आपण दिसतो. बाबांजवळ गप्प बसणं म्हणजे तिथे नसणं. मला त्यांना सांगायचं होतं की मी आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

संध्याकाळी बाबा गेले. शेवटपर्यंत ती करंगळी पुन्हा दाबली गेली नाही. खोलीत कुणी आहे हे त्यांना कळलं होतं का, हे मला माहीत नाही.