चेसीतले तीन ठोके

भूतबित, मुंजा, चकवा... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पेपरातल्या या सदरात लिहितोय, तर हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला लिंबू-मिरचीवाला समजायला नको. जुन्नरच्या पेठेत माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे आणि माझा निम्मा धंदा आवाजावरच चालतो. आवाज इंजिनाबरोबर वाढला तर दोष इंजिनात, चाकाबरोबर वाढला तर चेनमध्ये नाहीतर मागच्या चाकात, आणि क्लच दाबल्यावर बदलला तर गिअरबॉक्समध्ये. आवाज म्हटला की त्याचा बाप सापडतोच. एक आवाज सोडून.

हे सगळं मला वस्तादांनी शिकवलं. उतारवयात त्यांचे कान गेले, तरी गाड्या बघणं काही सुटलं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे आणि मूठ दातात धरायचे. म्हणायचे, "कानाला काय इचारतो? दाताला इचार." ते गाडीपाशी वाकलेले असायचे आणि आम्ही वरून रेस देत असायचो. थांबवायचं असलं की हाक मारायचे नाहीत, हातातल्या पान्याने चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकायचे. दोन ठोके पटकन, तिसरा जरा थांबून. टक-टक... टक. म्हणजे, बंद कर. उशीर झाला की तोच पाना आमच्या गुडघ्यावर.

ही गोष्ट ते गेल्यानंतर दोनेक वर्षांनी घडली, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. त्यांची जुनी फटफटी जावयाकडे गेली होती. जावई घाटघरच्या शाळेत गुरुजी. भादव्यात एका सकाळी ते गाडी घेऊन माझ्या दारात हजर.

"भाऊ, महिना झाला, चेनमधी कायतरी वाजतंय. चावंडच्या पुढं चढ लागला का सुरू. खाली आलो का गप."

"आज ठेवून जा. निवांत बघतो."

"ठेवून कसं चालंल? सुनंदाला आजच खाली आणायचीय. नववा लागलाय. रस्ता खचल्यापासून एस्टी वरपर्यंत येत न्हाई, आन जीपमधी माणसं कशी कोंबत्यात ते तुमाला ठावंच हाय."

सुनंदा म्हणजे वस्तादांची एकुलती एक लेक. मला दादा म्हणते. आता तिला नाही म्हणायची काय बिशाद!

गाडी स्टँडवर घेतली. आधी कानाने ऐकलं, मग स्क्रू ड्रायव्हर दातात धरून. इंजिन, गिअरबॉक्स, मागचं चाक... सगळं ठणठणीत. शेवटी लोखंडी चेनकव्हर उतरवलं, चेन काढून रॉकेलने धुतली, कडी न् कडी तपासली. काही नाही. जुनं लॉक सैल वाटलं म्हणून टाकून दिलं आणि नवं लावलं. लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीवरची बोटाच्या पेराएवढी क्लिप. गुरुजी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते, त्यामुळे मीही जरा घाईतच होतो.

बाजारपेठेत चक्कर मारली, आवाज नाही. म्हटलं, "चला, मीच येतो चावंडच्या चढापर्यंत. वाजलं तर तिथंच धरू." दोन हत्यारं फडक्यात गुंडाळली, एक जादा लॉक खिशात टाकलं. मी चालवत होतो, गुरुजी मागे. आपटाळे गेलं, चावंड मागे पडलं. भात पोटरीला आलं होतं, अकराचं स्वच्छ ऊन होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चढ लागला, आणि...

टक-टक... टक.

"ह्येच! ह्येच त्ये!" गुरुजी मागून ओरडले.

मी रेस वाढवली. ठोक्यांचा वेग तोच. क्लच दाबला, तरी तोच. म्हणजे इंजिन नव्हे, गिअरबॉक्स नव्हे. चढाच्या माथ्यावरून पुढे थोडा उतार होता, तिथे इंजिन बंद करून गाडी सोडून दिली. चाकाचा वेग वाढत गेला, पण ठोके आपले तेवढ्याच अंतराने. दोन पटकन, एक थांबून. मग चेनही नव्हे, चाकही नव्हे. मग काय? ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली.

टक-टक... टक.

गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. आणि चेसीतून ठोके माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होते.

गुरुजी उडी मारूनच उतरले. "भाऊ... गाडी उभी हाय ना?"

मीही खाली उतरलो. एवढी वर्षं हे ठोके ऐकले की माझा हात आपोआप बंद करायला जायचा, पण आता बंद करायचं काय? सगळं तर बंदच होतं!

स्क्रू ड्रायव्हर काढला, मूठ दातात धरली आणि टोक इंजिनला लावलं. ठोके लांबून आल्यासारखे. गिअरबॉक्सवर जरा जवळून. चेनकव्हरच्या मागच्या टोकाला लावलं, तर दाढा हलल्या. मी कव्हर खोललं.

कडीवर लॉक नव्हतं. बाहेरची पट्टी पिनांच्या अगदी टोकाला आली होती. आता ती पुढे केव्हाही निघाली असती, चेन सुटून चाकात अडकली असती, आणि चाक जाम. इथे आम्ही दोघे कसेबसे सावरलो असतो. पण दुपारी याच रस्त्यावर गुरुजींच्या मागे सुनंदा बसलेली असणार होती. पोटातल्या बाळासकट.

पट्टी पकडीने दाबली आणि खिशातलं लॉक बसवलं. ते बसल्याचा आवाज झाला आणि ठोके थांबले. नंतर त्या गाडीत ते कुणालाच कधी ऐकू आले नाहीत.

"काय झालं व्हतं?" गुरुजींनी विचारलं.

"लॉक निसटलं होतं," मी म्हणालो.

त्या दुपारी सुनंदा सुखरूप खाली आली. चार दिवसांनी मुलगी झाली. आता ती शाळेत जाते, कधीमधी वडिलांबरोबर गॅरेजवर येते आणि मला मामा म्हणते.

डोकं खूप चालवून पाहिलं. धातू तापून-निवून वाजतो म्हणावं, तर असा मोजून वाजत नाही. लॉक निसटल्यामुळे वाजत होतं म्हणावं, तर लॉक मी त्याच सकाळी बसवलेलं, आणि गुरुजी आवाज ऐकत होते महिनाभर आधीपासून. जो दोष अजून झालाच नव्हता, त्यासाठी महिनाभर कोण ठोकत होतं? कुणाला कारण सुचत असेल तर जरूर कळवा, मला सापडलेलं नाही.

पण लॉक का निसटलं, ते मला पक्कं ठाऊक आहे. लॉकचं बंद तोंड चेन धावते त्या बाजूला ठेवायचं, हा वस्तादांचा पहिला धडा. चेन वरून पुढे जाते आणि खालून मागे येते. त्यामुळे खालच्या बाजूला लॉक लावताना बंद तोंड मागे हवं. मी खालून लावलं आणि बंद तोंड पुढे केलं. शिकत होतो तेव्हा हीच चूक केली होती आणि गुडघ्यावर पाना खाल्ला होता.

त्या दिवशी गुरुजींना हे सांगायची हिंमत झाली नाही. नंतर सुनंदा पेढे घेऊन आली, "दादा, तुमच्यामुळं वाचलो आमी" म्हणाली, तेव्हाही मी गप्प बसलो. ती हे सदर वाचते, मला माहीत आहे.

सुनंदा, ते लॉक मीच उलटं बसवलं होतं.