नाचऱ्या मोठा की हातोडा?

मिलिंद गायकवाड गेल्याचं कळलं तेव्हा मी बुधवार पेठेतल्या माझ्या दुकानाचं शटर वर करत होतो. फोनवर त्याची मुलगी प्राजक्ता होती. "काका, बाबा सकाळी गेले. झोपेतच." मी "येतो" म्हणालो आणि शटर पुन्हा खाली ओढलं. येरवड्याला जाताना रिक्षात मनात एकच येत होतं... आमचं भांडण अर्धवट राहिलं. जगातला सगळ्यात मोठा हेवीवेट बॉक्सर कोण, यावरचं भांडण. तीसेक वर्षं चाललेलं.

आमची ओळखही त्यातूनच झाली. तेव्हा मी टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करायचो. एक किडकिडीत गृहस्थ व्हीसीआर घेऊन आले. आत कॅसेट अडकलेली. "मशीन गेलं तरी चालेल, कॅसेट वाचवा," म्हणाले. मी फीत सोडवली आणि तपासायला दुकानातल्या टीव्हीवर लावली. जुनी लढत होती. एक उंच बॉक्सर हात खाली सोडून, नाचल्यासारखा मागे मागे सरकत होता. मी सहज म्हणालो, "अहो, हा मारतो कधी? हल्लीचा तो नवा पोरगा याला दीड मिनिटात झोपवेल."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आपण कधी बॉक्सिंग केलंय?"

"नाही."

"दिसतंय."

अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायला आम्हाला वर्षही लागलं नाही. त्याच्या बॉक्सरला मी 'नाचऱ्या' म्हणायचो, माझ्या बॉक्सरला तो 'हातोडा'. मिलिंद सरकारी कचेरीत कारकून होता. संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये मुलींना बॉक्सिंग शिकवायचा. स्वतः उमेदीत खेळला तो एक्कावन्न किलो वजनात, पण बोलायचा नेहमी हेवीवेटबद्दल. शनिवारी कचेरी सुटली की दुकानात यायचा, माझ्या टेबलावरचे सोल्डरिंगचे तुकडे बाजूला सारायचा आणि सुरू व्हायचा. हातोडा बारा फेऱ्यांच्या काळातला, नाचऱ्या पंधरा फेऱ्यांच्या. हातोड्यासमोर उभे राहणारे निम्मे जण रिंगमध्ये यायच्या आधीच घाबरलेले असायचे, त्यात कसलं मोठेपण? मी म्हणायचो, घाबरवणं हेही कौशल्यच आहे. तो म्हणायचा, "मग आमचे हेडक्लार्क जगज्जेते आहेत."

एकदा मात्र माझा ठोसा भलत्याच जागी बसला. युद्धावर जायला नकार दिला म्हणून नाचऱ्याला ऐन उमेदीत तीन-साडेतीन वर्षं लढू दिलं नव्हतं. त्यावरून मी म्हणालो, "परत आल्यावर पूर्वीचा राहिला होता का तो? पाय गेले होते त्याचे." मिलिंद चहा अर्धा ठेवून उठला आणि पुढचे चार शनिवार आला नाही. पाचव्या शनिवारी मीच येरवड्याला गेलो. हॉलच्या पायरीवर बसून त्याने सांगितलं. राज्याच्या संघात निवड व्हायची होती त्या वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळले. आई-भावंडांसाठी त्याने मिळेल ते काम धरलं. दोन वर्षांनी ग्लोव्ह्ज पुन्हा चढवले, तेव्हा डोळ्यांना ठोसा येताना दिसायचा, पण पाय वेळेवर हलायचे नाहीत. "पाय जातात रे," तो म्हणाला. "पण पाय गेल्यावर तो कसा जिंकला, ते बघ. ते मला जमलं नाही." मग लगेच, "आणि हे ऐकून हातोड्याची बाजू सोडू नकोस. मला समोर कुणीतरी लागतं."

शेवटची भेट त्याच्या घरी झाली. फुप्फुसं थकली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी होती, दोन वाक्यांमध्ये दम लागायचा. मला ते बघवेना. मी म्हणालो, "मिलिंद, खरं सांगू? तुझाच मोठा."

त्याचा चेहरा एकदम उतरला. मग रागाने लाल झाला. "आजारी माणसाची समजूत काढायला आलायस?" नळी सावरत तो म्हणाला. "इतकी वर्षं बोलत होतास ते काय खोटं होतं? नीट भांडायचं असेल तर बस. नाहीतर रिक्षा पकड."

मी बसलो. तासभर भांडलो, काहीही न सोडता. अजिंक्य राहून निवृत्त झालेल्या एका तिसऱ्याच बॉक्सरलाही मध्ये ओढलं. प्राजक्ता दोनदा येऊन बघून गेली. शेवटी मिलिंद हसत, खोकत म्हणाला, "पुढच्या शनिवारी उत्तर देतो."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, बुद्धवंदना झाल्यावर, मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "मिलिंद सरळ माणूस होता, उत्तम शिक्षक होता. हेवीवेटमधलं मात्र त्याला फारसं कळत नव्हतं." पुढे बसलेले त्याचे मेहुणे माझ्याकडे बघतच राहिले. मग प्राजक्ता डोळे पुसता पुसता हसली. खराडीच्या आयटी कंपनीत काम करणारी ही मुलगी, वडिलांच्याच हॉलमध्ये शिकलेली. बसल्या जागेवरून म्हणाली, "काका, सातव्या फेरीनंतर हातोडा दमला असता. पुढच्या आठ फेऱ्या कोण खेळणार होतं?"

"सातवी फेरी येऊच दिली नसती त्याने," मी म्हणालो.

"नाचऱ्या काय पुतळा होता का, उभा राहून मार खायला?" मागून आवाज आला. मिलिंदची एक विद्यार्थिनी. तिच्या शेजारच्याही बोलू लागल्या. जेवणाची पानं मांडली तरी आमचं चालूच होतं. हातोड्याच्या बाजूने बोलायला त्या सगळ्या माणसांत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. निघताना त्या मुली म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळी हॉलवर या, लढत लावून फेरी फेरी दाखवतो.

जाणार आहे. चष्म्याचा नंबर बदललाय, तेवढा करून घेतो.