अठ्ठावीसची लेन्स

महाडात माझा स्टुडिओ होता, रोलचा जमाना होता. पासपोर्टचे फोटो काढून काढून कंटाळलो होतो, म्हणून हौसेनं अठ्ठावीसची, म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटरची वाइड लेन्स घेतली. लहान जागेत सगळं मावतं, एवढंच तेव्हा तिच्याबद्दल ठाऊक, आणि तेवढ्यावर माझा तोरा.

एक दिवस दासगावची एक बाई आली. नवरा आठ वर्षं आखातात. दर सुट्टीला तो म्हणायचा, घर मनासारखं झालं की कायमचा येतो. आणि दर वेळी घराचं आणखी एक काम निघायचं. आता त्यानं पुढच्या खोलीचा फोटो मागवला होता. ती सरळच म्हणाली, "भाऊ, खोली मोठी दिसू द्या. नायतर हे अजून दोन वर्षं येणार नायत."

मी लगेच तयार. काय ती अक्कल! तिच्या घरी जाऊन कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, गुडघ्यावर बसून फोटो काढला. या लेन्समधून जवळची फरशी लांबत जाते आणि समोरची भिंत मागे सरते. कडेला येईल ते ताणलं जातं. तिची सासू नेमकी कडेला बसलेली. तिला उठवून मधे बसवलं, नाहीतर म्हातारी दुप्पट रुंद दिसली असती. फोटो धुऊन आला, तर दहा बाय दहाच्या खोलीचा हॉल झालेला. बाई हसली, मग पदरानं डोळे पुसले.

तो आला. फोटोवरून अंदाज बांधून येताना गालिचा घेऊन आला. अंथरला, तर दोन्हीकडून भिंतीवर चढला.

मला बोलावणं आलं तेव्हा वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण गेलो. बाई दाराशी मान खाली घालून उभी. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं. कपाटावर त्याचं परतीचं तिकीट दिसत होतं.

त्यानं मला चहा दिला. मग भिंतीवरचे त्यानंच तिकडून पाठवलेले फोटो दाखवले: उंच इमारतीसमोर उभा, कुणाच्या तरी गाडीला टेकलेला.

"यात कुठं माझी खोली दिसते का?" तो म्हणाला. "या खोलीहून लहान हाय. आठ जण निजतो."

बाईनं तेव्हा मान वर केली. ते फोटो ती रोज पुसायची. मला फार वाईट वाटलं, तिचं आणि त्याचंही.

मग त्यानं मोठी कात्री मागितली आणि भिंतीच्या कडेनं गालिचा कापायला बसला. नवाकोरा माल! बाई कळवळून म्हणाली की राहू दे, पुढंमागं मोठी खोली काढू, तेव्हा होईल.

"मोठी खोली नको," तो म्हणाला. "मी आता जात नाय."

 ती खाली बसली आणि कापणं सोपं व्हावं म्हणून गालिच्याचं दुसरं टोक ताणून धरलं.

कापलेली पट्टी त्यानं मला दिली. स्टुडिओत गिऱ्हाइकं तिच्यावर उभी राहायची. त्यानंतर घरांचे फोटो काढताना ती लेन्स लावली, की मी आधीच सांगायचो, खोली आहे त्याहून मोठी दिसेल. बहुतेक जण म्हणायचे, दिसू दे की.